उतरायची खूण

या, असे जवळ सरकून बसा. हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा. आज तुम्हाला एका माणसाची हकीकत सांगतो.

हकीकत म्हणालो, गोष्ट नव्हे. माझ्या सख्ख्या मोठ्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे ही. मामा अजून आहेत, देवाच्या दयेने धडधाकट आहेत. जाऊन विचारलंत तर शब्दाला शब्द हेच सांगतील.

मामा उभ्या जन्मात एकच मोठं खोटं बोलले. ही त्या एका खोट्याचीच हकीकत आहे.

भूत म्हटलं की आपल्याला अंधार लागतो, घुबड लागतं. इथं त्यातलं काही नाही. थंडीचे दिवस होते. शुक्रवार होता. उघडी टेकडी आणि भर दुपार.

पावणेचार वाजले होते...

पण आधी मामांचं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

मामा टेलिफोन खात्यात होते. तारेशिवाय बोलणं लांबच्या गावाला न्यायचं तर दोन टेकड्यांवर दोन मनोरे लागतात. मनोरा कुठं उभा करायचा, त्याच्या पायथ्याशी यंत्रांची खोली केवढी, बॅटऱ्यांची केवढी, दार कुठल्या अंगाला, हे ठरवायचं आणि कागदावर काढायचं. या इमारतींना खिडकी नसते. आत माणसं राहत नाहीत, यंत्रं राहतात, आणि यंत्रांना धूळ सोसत नाही. मामा म्हणायचे, "लोक माणसांसाठी घरं बांधतात, मी आवाजांसाठी बांधतो."

आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या टेकडीवरून ती टेकडी सरळ दिसली पाहिजे. मध्ये झाड नको, कडा नको. नकाशात दिसते म्हणून भागत नाही.

आता सत्तावीस किलोमीटरवरचा माथा डोळ्यांनी कसा पाहायचा?

आरशाने.

एक माणूस पलीकडच्या टेकडीवर चढतो, आरशावर ऊन घेतो आणि इकडे फेकतो. इकडचा माणूस दुर्बीण लावून बसतो. सुईच्या टोकाएवढी चमक दिसली की समजायचं, वाट मोकळी आहे.

मामांचा आरसेवाला अकरा वर्षं एकच होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकात असेल, सगळं खातं त्याला कवडसा म्हणायचं. अंगाने काडी, तोंडाने फटाका. पहिल्या कामाला त्याने घरचाच आरसा पळवून आणला होता. "तेव्हापासून बायकोने मला तोंड दाखवलेलं नाही," असं तो सांगत सुटायचा. "तिचं तिलाच दिसत नाही, मला कुठून दाखवणार?"

त्या दोघांच्या खुणा ठरलेल्या होत्या.

तीन झटपट चमका म्हणजे, दिसतंय का?

उलट तीन आल्या म्हणजे, दिसतंय.

आणि पाच सावकाश चमका म्हणजे, झालं, आता उतर.

ही शेवटची खूण मिळाल्याशिवाय पलीकडच्या माणसाने जागा सोडायची नाही, असा नियम होता. पूर्वी कोणीतरी मोजमाप संपायच्या आत उतरून गेला होता आणि सगळ्यांना पुन्हा टेकडी चढावी लागली होती, तेव्हापासूनचा. कवडसा एरवी कशाचीही थट्टा करायचा. या नियमाची नाही.

त्या शुक्रवारच्या एकोणीस वर्षं आधीची गोष्ट. मामा दक्षिणेच्या टेकडीवर, कवडसा उत्तरेच्या. पावणेचारला चमक आली. तीन. मामांनी आरशाने तीन परत दिल्या. दिशा घेतली, उंची घेतली, वहीत टिपली. वाट स्वच्छ मोकळी होती.

आता पाच चमका द्यायच्या, की काम संपलं.

मामांनी आरसा उचलला...

आणि ऊन गेलं.

कुठून कोण जाणे, ढगाचा एक पट्टा येऊन नेमका मामांच्या डोक्यावर थांबला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खाली जीपवाला भोंग्यावर भोंगा वाजवत होता. वाट निसरडी, दिवस लहान. मामांनी विचार केला, कवडसा शहाणा माणूस आहे, इकडचं आभाळ त्याला दिसत असेल, समजून उतरेल.

आणि मामा उतरले.

कवडसा नाही उतरला. तो खुणेची वाट पाहत बसला. अंधार पडल्यावर कधीतरी निघाला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी कड्याखाली सापडला. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच संध्याकाळी संपला होता.

खात्याच्या तक्त्यात एक रकाना असतो. 'उतरायची खूण दिली का?' बातमी आली तेव्हा तो रकाना कोराच होता. मामांनी पेन उचललं आणि लिहिलं... 'दिली. चार वाजून पाच मिनिटे.'

झालं. चौकशीत ठरलं की कवडसा आपल्या मर्जीने, हुकूम मोडून वर थांबला. मग तोंडं सुटली. कोणी म्हणालं, झोप लागली असेल. कोणी म्हणालं, घेतली असेल. मेल्या माणसाच्या नावाची राखण कोण करणार?

कवडशाची बायको एकदाच खात्यात आली होती. मामा तिला वहिनी म्हणायचे. ती टेबलासमोर उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही खूण दिली होती ना?"

मामा म्हणाले, "दिली होती, वहिनी."

ती थोडा वेळ मामांकडे बघत राहिली आणि निघून गेली.

त्यानंतर मामा उत्तरेच्या टेकडीवर कधी चढले नाहीत. मनोरा उभा राहिला, छोटी यंत्रखोली झाली, खालच्या गावांचे फोन खणखणू लागले. मामा आजारपणाची सबब सांगायचे, दुसऱ्याला पाठवायचे. एकोणीस वर्षं.

मग निवृत्तीला चार महिने उरले असताना कागद आला. उत्तरेच्या टेकडीवर मोठी इमारत हवी, नवा उंच मनोरा हवा. जागा आणि आराखडा मामांनीच ठरवायचा.

मामांच्या हाताखाली तेव्हा बांधकामाच्या एक इंजिनिअर बाई होत्या. चाळिशीच्या, सडेतोड. दिसेल ते मोजायची सवय, म्हणून खात्यात त्यांना फूटपट्टी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. जागा बघायला मामांनी त्यांना पाठवलं. त्या दोन दिवसांनी आल्या, टेबलावर कागद पसरला आणि म्हणाल्या, जागा झकास आहे, सपाट आहे, मी खुंट्या मारून आले. फक्त कड्याच्या बाजूला एक दगड आहे. बसायला बरा आहे, पण नेमका भिंतीत येतोय. फोडावा लागेल.

मामांच्या हातातला चहा गार झाला.

त्या दगडावर बसून कोणी वाट पाहिली होती, हे मामांना सांगायला नको होतं.

मनोरा नवा, म्हणून वाट पुन्हा तपासायची होती. दक्षिणेच्या टेकडीवर मामा आणि फूटपट्टी बाई गेले, तोच हा शुक्रवार. आता आरशाची गरज नव्हती. यंत्रं आली होती, फोन आले होते. पलीकडे माणूस पाठवलाच नव्हता.

आभाळ भरलेलं होतं. सकाळपासून उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती.

बाई यंत्र लावत होत्या. वारा सुटला होता, कागद फडफडत होते. मामा बाजूला बसले होते.

आणि वारा थांबला...

हळूहळू नाही. कोणी तोंडावर हात ठेवावा तसा. कागद जागच्या जागी पडले. खाली जीपवाल्याचा रेडिओ चालू होता, तोही ऐकू येईना.

उत्तरेला काहीतरी लुकलुकलं.

एक. दोन. तीन.

मामांनी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

बाई दुर्बिणीला डोळा लावून म्हणाल्या, "साहेब, तिकडे कोणी आहे का?"

मामा चमकेकडेच बघत होते. बाईंनीच मग टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या रखवालदाराला फोन लावला. तो म्हणाला, बाई, फाटकाला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे आणि मी जेवून आडवा झालोय. बाई म्हणाल्या, वर खिडकीची काच चमकतेय बहुतेक. पलीकडे रखवालदार हसला. म्हणाला, वरच्या खोलीला खिडकी कुठं आहे? तुमच्याच खात्याने बांधलीय ना?

एक. दोन. तीन...

बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. राखाडी, गच्च. मग मामांकडे पाहिलं.

"साहेब... ऊन नाहीये."

अर्धा तास ती चमक येत राहिली. तीन, मग थोडी उसंत, मग तीन. दिसतंय का? दिसतंय का? उत्तर द्यायला मामांजवळ आरसा नव्हता, आणि असता तरी उपयोग काय होता? 

जीपमध्ये बाईंनी विचारलं तेव्हा मामांनी अर्धंच सांगितलं. तिथं माझा माणूस गेला होता, एवढंच. रकान्याचं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच पुन्हा दक्षिणेच्या टेकडीकडे निघाले. बाई न सांगता जीपमध्ये येऊन बसल्या. लख्ख ऊन होतं. मामांनी घरातला आरसा पिशवीत घातला होता. मामींना सांगितलं, काच बदलून आणतो.

पावणेचारला चमक आली. तीन.

मामांनी तीन दिल्या. मग देवाचं नाव घेतलं आणि आरसा तिरपा केला.

एक...

दोन...

तीन...

चार...

पाच.

एकोणीस वर्षं राहिलेली खूण दिली. पलीकडे सगळं शांत झालं. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

पाच मिनिटं काही नाही.

मामांनी आरसा पिशवीत ठेवला, नाडी आवळली...

एक. दोन. तीन.

खूण पोचली होती. तरी तो उतरत नव्हता.

परतताना मामा एकच वाक्य बोलले. अजून काय हवं असेल त्याला? बाई म्हणाल्या, ते मला कसं ठाऊक, मला तुम्ही अर्धंच सांगितलंय. बाई काय, फूटपट्टीच त्या. कमी भरलेलं लगेच कळायचं त्यांना.

आता ऐका हं, खरं पुढे आहे.

त्या दगडाला हात लावायचा नाही, एवढं मामांनी ठरवलं. इमारत अकरा फूट सरकवायची. पण खात्यात ठरलेली जागा हलवायची तर कारण लिहावं लागतं. छापील कागद असतो. 'जागा बदलण्याचे कारण', आणि खाली सही. मोठे साहेब म्हणाले, एवढं काय त्यात? खडक लागला म्हणून लिहा. चार महिने राहिलेत, शांतपणे घरी जा. साहेब वाईट नव्हते. मामांचं भलंच बघत होते.

आराखडे काढायची खोली तळघरात होती. चारी बाजूंनी भिंती, वर ट्यूबलाइट, उजेडाला दुसरी वाट नाही. मामा आपल्या टेबलाशी, बाई शेजारच्या. मामांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'खडक.'

ट्यूबलाइटची सततची गुणगुण असते ना... ती बंद झाली. दिवा चालूच होता. आवाज तेवढा गेला.

मग पंख्याचा आवाज गेला. पंखा फिरत होता.

मामांना स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका आला. रुपयाएवढा. हातात धरलेल्या आरशाचा असतो तसा, किंचित थरथरणारा. भिंतीवरून तो खाली घसरला. टेबलाच्या कडेवर आला. कागदावर आला...

आणि 'खडक' या शब्दावर येऊन थांबला.

विझला. पेटला. विझला. पेटला. विझला. पेटला.

दिसतंय का?

बाईंनी खुर्ची मागे ओढली. तिचाही आवाज आला नाही. पण बाईंचा आवाज मामांना ऐकू आला, कानाशी बोलल्यासारखा.

"साहेब, खोडा ते."

मामांनी खोडलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं, तरी त्यांनी लिहिलं. तो कागद मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यावर असं आहे, 'या जागी खात्याचा आरसेवाला माझ्या खुणेची वाट पाहत थांबला होता. खूण मी दिली नव्हती. दिली असे मी लिहिले ते खोटे होते. तो हुकूम मोडून थांबला नाही. हुकूम पाळून थांबला.' खाली सही, तारीख.

पेन खाली ठेवलं तेव्हा ट्यूबलाइट गुणगुणत होती.

मोठ्या साहेबांनी तो कागद तीनदा परत पाठवला. मामांनी तीनदा जसाच्या तसा पुढे दिला. शेवटी जुनी फाइल निघाली आणि कवडशाच्या नावापुढचं 'हुकूम मोडून' हे खोडलं गेलं. मामांवर लेखी ठपका आला. मामा म्हणाले, प्रसाद समजून घेतला.

पण खात्याला सांगून काय होतंय? जिला तोंडावर खोटं सांगितलं ती बाकी होती.

वहिनी उत्तरेच्या टेकडीपासून दोनशे किलोमीटरवर, आपल्या जुन्या घरीच राहत होत्या. दोन खोल्या, दाराला हिरवा रंग. केस पांढरे झाले होते. मामांना त्यांनी लगेच ओळखलं, बसायला खुर्ची दिली. मामा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी खिशातून कागदाची नक्कल काढली आणि वाचून दाखवली. 

वहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

मामांना वाटलं, वहिनींचा अंदाज असेल. बाईमाणसाला कळतं.

"अंदाज नव्हे, साहेब. ते घरी आले होते."

वहिनी सांगू लागल्या.

"त्याच संध्याकाळी. दिवे लागले होते, मी कपडे घडी करत होते. बघते तर दारात उभे. मी म्हटलं, आज लवकर कसे? आत या, पाणी घ्या. तर म्हणाले, नको. साहेबांची खूण अजून आली नाही. मला परत जायला पाहिजे. पाणी खूण आल्यावर पिईन."

दोनशे किलोमीटर. त्याच संध्याकाळी.

"मी स्वयंपाकघरातून पेला घेऊन आले, तर दारात कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुमचा माणूस बातमी घेऊन आला."

मामांनी कसंबसं विचारलं, मग मी टेबलाशी तुम्हाला खोटं सांगितलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?

"काय बोलू? मेलेला नवरा येऊन सांगून गेला म्हणून? त्यांना दारुडा म्हणतच होते, मलाही वेडी म्हणाले असते." मग म्हणाल्या, "आणि साहेब, ते माझ्याकडून कळून चालणार नव्हतं. खूण तुमची होती."

एवढं बोलून त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याने भरलेला पेला घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर ठेवला. मग दाराकडे पाठ करून बसल्या. मामांनाही म्हणाल्या, "तुम्हीही तिकडे बघू नका."

दोघं बसून राहिले. बाहेर रस्त्यावर सायकलींच्या घंटा वाजत होत्या, पोरं ओरडत होती.

मग तेही थांबलं...

किती वेळ, मामांना सांगता येत नाही. मानेवर ऊन पडल्यासारखं ऊबदार वाटलं, एवढं आठवतं. दार सावलीत होतं.

पुन्हा सायकलची घंटा वाजली. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता निघा तुम्ही."

मामा उठले. उंबरा ओलांडताना त्यांची नजर खाली गेलीच.

पेला रिकामा होता. लाकडावर सांडल्याची खूण नव्हती.

इमारत झाली. अकरा फूट अलीकडे. कड्याच्या बाजूला तो दगड अजून तसाच आहे. मामा निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, झोपेत, सुखाने.

तुम्ही विचाराल, मग चमक थांबली का?

तीच तर अडचण आहे. ती चमक फक्त दक्षिणेच्या टेकडीवरून दिसते, आणि तिथं आता कोणी जात नाही. मामांना जाण्याचा धीर झाला नाही. शेवटी फूटपट्टी बाई एकदा एकट्याच जाऊन आल्या. मामा दिवसभर फोनपाशी बसून होते. संध्याकाळी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "धुकं होतं साहेब. काही दिसलं नाही." आणि घाईने ठेवून दिला.

त्या दिवशी मी मामांच्या घरीच होतो. सबंध दिवस टेकडीकडचं आभाळही निळंशार होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. माझं मन सांगतं, बाईंना चमक दिसली होती.

त्यानंतर बाईंनी बदली मागून घेतली. मामांनी कारण विचारलं नाही.

तर एवढीच हकीकत. माझी एक विनंती आहे. तुम्ही फोन उचलता, हजार कोसांवरून आपल्या माणसाचा आवाज येतो. तो आवाज कुठल्या तरी उघड्या टेकडीवरून आलेला असतो, आणि तिथं कधीतरी एक माणूस हातात आरसा धरून उन्हात उभा राहिलेला असतो. त्याचं खरं नाव मलाही ठाऊक नाही. तुम्ही आपलं त्याला कवडसा म्हणा. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याची एकदा आठवण काढा.